चित्रातल्या घरावर ऊन कोठून पडते?

हल्ली आपल्या बेटावर घर बांधायचे ठरले की पहिला ब्लॉक येण्याआधी चित्र येते. पूर्वी ड्राफ्ट्समन निळसर कागदावर रेघांचा नकाशा आणून देत असे. तो समजण्यास कठीण. घरातील वडील मंडळी मान डोलावीत आणि सही करीत. आज तोच मनुष्य संगणकावर संपूर्ण घर उभे करून दाखवितो. भिंतींना रंग असतो, खिडक्यांना काच असते, अंगणात गवत असते आणि या सर्वांवर सोनेरी ऊन पसरलेले असते. चित्र पाहताच सारे कुटुंब खूष होते. वीस-पंचवीस वर्षे फेडायचे कर्ज त्या चित्राच्या भरवशावर काढले जाते.

चित्र वाईट नाही. नकाशा ज्यांना वाचता येत नाही अशा आजी-आजोबांनाही आता आपल्या घराविषयी बोलता येते, ही मोठीच सोय झाली. परंतु आम्हांला वाटते की चित्र पाहताना एक प्रश्न आपण विचारीत नाही. हे ऊन कोठून आले? कोणत्या दिवसाचे, किती वाजताचे आणि कोणत्या गावचे? कारण संगणकातल्या घरावर पडणारे ऊन आपोआप पडत नसते. ते कोणीतरी लावलेले असते, जसा आपण खोलीत दिवा लावतो. आणि लावणाऱ्याने लक्ष दिले नाही तर आपल्या घरावर दुसऱ्याच देशाचे ऊन पडते. ही गोष्ट नीट समजावी म्हणून आजचा हा लेख.

रेघांपासून चित्रापर्यंत

नकाशे काढण्यासाठी जी संगणक-साधने आहेत त्यांना एकत्रितपणे कॅड म्हणतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आले. स्केचअप हे सोपे साधन २००० साली आले. ब्लेंडर नावाचे साधन तर कोणालाही फुकट मिळते. प्रत्येकाची पद्धत वेगळी असली तरी मूळ काम एकच. प्रथम लांबी, रुंदी व उंची देऊन घराचा सांगाडा तयार करायचा. मग कोणता भाग काँक्रीटचा, कोणता लाकडाचा, कोणता काचेचा हे सांगायचे. नंतर दिवे लावायचे. शेवटी कॅमेरा कोठे उभा आहे ते ठरवायचे. एवढे झाले की संगणक हिशेब करून चित्र तयार करतो. या शेवटच्या कामाला रेंडरिंग म्हणतात.

या चार पायऱ्यांपैकी तिसरी पायरी सर्वांत फसवी आहे. भिंतीची लांबी चुकली तर फुटपट्टीने सापडते. प्रकाश चुकला तर चित्र तरीही सुंदरच दिसते.

बुटांच्या खोक्यातील घर

प्रकाशाचे प्रकार समजण्यासाठी संगणकाची गरज नाही. बुटांचे रिकामे खोके घ्या. एका बाजूला खिडकीएवढे भोक पाडा, वरचे झाकण काढून आत पाहता येईल असे ठेवा. वर्गात आम्ही मुलांना हेच करून दाखवितो, आणि मुले मग संगणकासमोर बसली की त्यांना शब्द पाठ करावे लागत नाहीत.

खोके ढगाळ दिवशी अंगणात ठेवा. आत सगळीकडे सारखाच मंद उजेड दिसेल, सावली जवळजवळ नाही. कॅडमध्ये याला अँबियंट म्हणजे सभोवारचा प्रकाश म्हणतात. तो सर्व पृष्ठभागांवर समान पडतो असे संगणक धरतो. नुसता हाच प्रकाश लावला तर घर कागदाचे कापून चिकटविल्यासारखे सपाट दिसते. तो अगदीच काढला तर सावलीचा भाग डांबरासारखा काळा होतो.

आता खोके उन्हात आणा. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत येताना समांतर असतात. म्हणून अंगणातील सर्व खांबांच्या सावल्या एकाच दिशेला पडतात. कॅडमधील सूर्यप्रकाश असाच समांतर किरणांचा असतो. त्याला जागा नसते, फक्त दिशा असते. खोके पुढे सरकविले तरी उजेड बदलत नाही, फिरविले की बदलतो.

संध्याकाळी खोक्यात लहानसा बल्ब ठेवा. हा बिंदू-दिवा. त्याचा प्रकाश चारी बाजूंना जातो आणि अंतराबरोबर झपाट्याने घटतो. अंतर दुप्पट केले तर प्रकाश निम्मा नव्हे, चौथा हिस्सा उरतो. अंतर तिप्पट केले तर नववा हिस्सा. हा निसर्गाचा नियम आहे. परंतु काही साधनांत हा नियम बंद ठेवण्याची सोय असते. मग एकच दिवा लांबलचक दिवाणखाना शेवटपर्यंत उजळतो. चित्रात तो शोभतो, प्रत्यक्षात त्या टोकाला वाचताही येत नाही.

बल्बऐवजी टॉर्च धरला की तो झाला स्पॉट. त्याच्या प्रकाशाचा शंकू असतो, मध्ये तेज आणि कडेला मंद. आणि टॉर्चसमोर पातळ पांढरा कागद धरला की कागदच दिवा होतो. याला क्षेत्र-दिवा म्हणावे. त्याने सावलीच्या कडा मऊ होतात. ट्यूबलाईट आणि खिडकीतून दिसणारे आकाश हे दोन्ही याच जातीचे.

शेवटचा प्रयोग मुलांना सर्वांत आवडतो. खोक्याच्या तळाला तांबडा कागद घाला आणि त्याच्यावर टॉर्च मारा. शेजारची पांढरी भिंत गुलाबी होते. टॉर्च भिंतीकडे वळलेला नाही, तरी भिंतीला रंग चढला. उजेड एका वस्तूवरून उडी मारून दुसरीवर गेला. घरात दिवसा जो उजेड असतो त्यातला बराचसा असाच उड्या मारत आलेला असतो. संगणकाला हे शिकविणे मात्र सोपे नव्हते.

संगणक उजेड कसा शिकला

संगणकाला उजेड दिसत नाही, तो फक्त बेरीज-गुणाकार करतो. म्हणून विद्वानांना प्रकाशाचे नियम गणितात उतरवून द्यावे लागले. हे काम अमेरिकेतील यूटा विद्यापीठात मोठ्या प्रमाणावर झाले. तेथे १९७१ साली आंरी गूरो या फ्रेंच विद्यार्थ्याने चपट्या तुकड्यांनी बनलेली वस्तू गुळगुळीत कशी दाखवावी याची रीत काढली. त्याच विद्यापीठातील बुई तुओंग फोंग हा हनोईत जन्मलेला तरुण. चकाकणाऱ्या वस्तूवर जो लख्ख ठिपका दिसतो त्याचे सोपे गणित त्याने बसविले. ते १९७५ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी, वयाच्या तिशीच्या आसपास, तो वारला. आजही कॅड शिकणारे मूल त्याचे नाव साधनाच्या यादीत वाचते.

या रीती जलद होत्या, पण त्यांना सावली व प्रतिबिंब कळत नव्हते. १९८० साली बेल लॅबोरेटरीजमधील टर्नर व्हिटेड यांनी किरणांचा माग काढण्याची रीत पुढे नेली. तिला रे ट्रेसिंग म्हणतात. यात युक्ती अशी की दिव्याकडून निघण्याऐवजी डोळ्याकडून निघायचे. कॅमेऱ्यातून एक किरण घराकडे सोडायचा. तो भिंतीला लागला की तेथून सूर्य दिसतो का ते पाहायचे. दिसला तर ऊन, मध्ये झाड आले तर सावली. भिंतीऐवजी काच किंवा पाणी लागले तर किरण पुढे पाठवायचा.

तरीही तांबड्या कागदाने गुलाबी होणारी भिंत राहिलीच होती. १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातील मंडळींनी रंगीत भिंतींचे एक खोके करून हा उड्या मारणारा उजेड मोजून दाखविला. ती रीत रेडिओसिटी या नावाने ओळखली जाते. म्हणजे आम्ही वर्गात बुटांचे खोके वापरतो ते काही कमी प्रतीचे साधन नव्हे! दोन वर्षांनी, १९८६ मध्ये, जेम्स काजिया यांनी या सर्व रीतींना सामावून घेणारे एकच समीकरण मांडले. आजची चांगली साधने एकेका ठिपक्यासाठी शेकडो किरण सोडून त्या समीकरणाचे उत्तर जवळपास काढतात. किरण कमी सोडले तर चित्रावर रवा पसरल्यासारखे दाणे दिसतात, हे त्याचेच लक्षण.

गणित आता इतके पक्के झाले आहे की फोटो कोणता आणि संगणकाचे चित्र कोणते हे डोळ्याला ओळखता येत नाही. येथेच सावध राहायचे. हिशेब बिनचूक असला तरी हिशेबाला दिलेले आकडे चुकीचे असू शकतात.

आपला सूर्य उत्तरेला असतो

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. संगणकाला सूर्य लावायचा तर त्याला चार गोष्टी सांगाव्या लागतात: जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ आणि नकाशातील उत्तर दिशा. यांतील जागा सांगितलीच नाही तर काय होते? साधन गप्प बसत नाही, ते स्वतःच्या मनाने एक जागा धरते. ऑटोकॅड सॅन फ्रान्सिस्को धरते. स्केचअपच्या मूळ मांडणीत बोल्डर हे अमेरिकेतील गाव असते. दोन्ही गावे विषुववृत्ताच्या बरीच उत्तरेला, ३८ ते ४० अंशांवर आहेत. तेथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो.

आणि आपल्याकडे? पोर्ट लुईस सुमारे २० अंश दक्षिण अक्षांशावर आहे. २१ जूनला आपला दुपारचा सूर्य उत्तरेला, क्षितिजापासून सुमारे ४६ अंश उंच असतो. मग तो हळूहळू वर चढत जातो. २१ नोव्हेंबरच्या सुमारास बरोबर डोक्यावर येतो, डिसेंबरात जरासा दक्षिणेकडे कलतो आणि २१ जानेवारीच्या सुमारास पुन्हा डोक्यावरून उत्तरेला परततो. म्हणजे वर्षातले दहा महिने आपला दुपारचा सूर्य उत्तरेला आणि फक्त दोन महिने किंचित दक्षिणेला.

याचा घरावर काय परिणाम होतो तो पाहा. २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत, पूर्ण सहा महिने, आपल्याकडे दक्षिणेच्या भिंतीवर सूर्याचा एकही थेट किरण पडत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळी नाही. समजा, वाक्वा येथे एका कुटुंबाने जमीन घेतली आणि रस्ता दक्षिणेला आहे म्हणून व्हरांडा दक्षिणेला काढला, शेजारी आजीची खोली ठेवली. चित्रात व्हरांड्यावर लख्ख ऊन आहे, आजीच्या खिडकीतून किरण पलंगापर्यंत आले आहेत. सर्वांनी हो म्हटले. घर झाले. जुलै महिना आला, वाक्वाचा बारीक पाऊस सुरू झाला, आणि त्या लावारांगमध्ये ऊन काही येईना. कपडे वाळत नाहीत, भिंतीला ओल धरते, आजी शाल पांघरून स्वयंपाकघरात येऊन बसते. चित्रातले ऊन खोटे नव्हते. ते सॅन फ्रान्सिस्कोचे होते. आणि घर काही बुटांचे खोके नव्हे, की फिरवून ठेवावे.

अक्षांश दिला तरी एक खड्डा राहतो. दक्षिण गोलार्धातील अक्षांशापुढे बहुतेक साधनांत वजा चिन्ह द्यावे लागते. पोर्ट लुईससाठी वजा २०.१६ अक्षांश आणि ५७.५० रेखांश. वजा चिन्ह राहिले तर आपले घर उचलून विषुववृत्तापलीकडे ओमान देशाच्या वाळवंटात जाऊन बसते. एवढ्याशा आडव्या रेघेने उत्तरेचा सूर्य दक्षिणेला जातो.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक गंमत आहे. आपले पूर्वज ज्या रत्नागिरीच्या मुलखातून आले तो विषुववृत्ताच्या उत्तरेला १७ अंशांवर आहे. म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच दूर, पण पलीकडच्या बाजूला. तेथे दुपारचे ऊन वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून येते आणि हिवाळ्यात उत्तरेची भिंत सावलीत असते. येथे सारे उलट. भारतातून येणाऱ्या मासिकांत किंवा युरोपच्या पुस्तकांत घराच्या उजेडाविषयी जे लिहिलेले असते ते तिकडच्या आकाशाला धरून असते. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी असावी, म्हणजे थेट ऊन न येता शांत उजेड मिळतो, असे युरोपात सांगतात. आपल्याकडे तोच शांत उजेड हवा असेल तर खिडकी दक्षिणेला पाहिजे. नियम खोटा नाही, फक्त बेट बदलले आहे.

उत्तर दिशा दाखवितानाही जपून. होकायंत्राची सुई आपल्या बेटावर खऱ्या उत्तरेपासून वीसेक अंश पश्चिमेकडे वळलेली असते. त्या सुईप्रमाणे नकाशावर बाण काढला तर सर्व सावल्या तेवढ्या फिरतात. खरी दिशा काढण्याचा जुना उपाय आजही उत्तम. जमिनीत एक मीटरची काठी सरळ रोवा आणि दुपारी बाराच्या आधीपासून साडेबारापर्यंत सावलीचे टोक खुणा करून मोजा. सर्वांत आखूड सावली जी पडते ती खऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर असते. २१ जूनला ती सुमारे ९५ सेंटिमीटर लांब आणि दक्षिणेकडे पडेल. २१ डिसेंबरला सहा सेंटिमीटरसुद्धा नसेल आणि उत्तरेकडे वळेल.

छज्जा, पश्चिमेची भिंत आणि स्लॅब

जागा, तारीख व दिशा नीट दिली की तेच साधन आपला मोठा मित्र होतो. मग ते फक्त चित्र देत नाही, उत्तरे देते. तीन उदाहरणे देतो.

पहिले उत्तरेच्या खिडकीचे. तिच्यावर एक मीटर पुढे आलेला छज्जा असेल तर २१ जूनच्या दुपारी त्याची सावली छज्जाखाली सुमारे एक मीटरपर्यंतच येते. खिडकीचा खालचा भाग उन्हात राहतो, म्हणजे थंडीत खोली उबदार होते. डिसेंबरात सूर्य डोक्यावर असल्याने तीच खिडकी दुपारी पूर्ण सावलीत असते. एकच छज्जा हिवाळ्यात ऊन आत घेतो आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवतो. क्युर्पिप, वाक्वा अशा उंचावरच्या थंड गावांना यासारखी सोय नाही.

दुसरे पश्चिमेच्या भिंतीचे. तेथे छज्जाचा उपयोग फार थोडा. डिसेंबरात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवरच असतो. त्या वेळी एक मीटरचा छज्जा भिंतीवर जेमतेम अर्धा मीटर सावली देतो. बाकीच्या भिंतीवर आणि काचेवर तिरपे ऊन सरळ येते. कास्कावेल किंवा ब्लॅक रिव्हर या पश्चिमेच्या गरम भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. समुद्र दिसावा म्हणून पश्चिमेला मोठी काच लावलेली घरे चित्रात मनोहर दिसतात, कारण चित्र बहुधा सकाळी दहाचे असते. तेव्हा पश्चिमेची बाजू सावलीत असते. पाच वाजताचे चित्र मागून पाहा. झडपा, झाडे किंवा उभ्या पट्ट्या हव्यात की नाही ते आपोआप कळेल.

तिसरे स्लॅबचे. १९६० सालच्या जानेवारीत अ‍ॅलिक्स आणि फेब्रुवारीत कॅरोल ही चक्रीवादळे आली. लाकडाची व पत्र्याची किती घरे गेली ते वडील मंडळींना आठवते. त्यानंतर आपण काँक्रीटच्या सपाट छताकडे वळलो आणि ते योग्यच झाले. पण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सर्वांत जास्त ऊन भिंतींवर नव्हे, छतावर पडते. रस्त्यावर उभ्या माणसाच्या डोळ्यांनी काढलेल्या चित्रात छत दिसतच नाही. म्हणून एक चित्र वरूनही मागावे. सूर्यावर पाणी तापविण्याचे यंत्र कोठे बसेल, त्याचे तोंड उत्तरेला आहे ना, शेजारच्या टाकीची सावली त्यावर येते का, हे त्यात दिसते. दक्षिणेचा सूर्य धरून काढलेल्या चित्रात हे यंत्र उलट्या बाजूला तोंड करून बसविले जाण्याचा धोका आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असे चित्र उजेड दाखविते, उष्णता दाखवीत नाही. चित्रातला उजळ पांढरा स्लॅब आणि काळपट स्लॅब दोन्ही आल्हाददायक दिसतात, पण रात्री त्याखाली झोपणाऱ्याला फरक कळतो.

आणि संगणकाला शेजार माहीत नसतो. त्याची जमीन सपाट असते. रोझ हिलच्या लोकांना सूर्य कोर द गार्ड डोंगरामागे लवकर जाताना दिसतो. चित्रात डोंगर काढला नसेल तर तेथे ऊन रेंगाळत राहील. शेजाऱ्याचे दुमजली घर तसेच. सहा मीटर उंच भिंतीची सावली २१ जूनच्या दुपारी जवळपास पावणेसहा मीटर दक्षिणेकडे पडते. आपली भाजीची वाफ आणि तुळस त्या पट्ट्यात येते का, हे साधनाला विचारता येते. मात्र शेजारचे घरही त्यात उभे करायला हवे.

खोट्या दिव्यांची खोली

खोल्यांच्या आतील चित्रांत वेगळीच जादू चालते. दिवाणखाना इतका उजळ दिसतो, पण छताकडे पाहावे तर दिवे दोनच. बाकीचा उजेड कोठला? चित्र काढणाऱ्याने कॅमेऱ्यामागे किंवा छताजवळ न दिसणारे क्षेत्र-दिवे ठेवलेले असतात. चित्र सुबक व्हावे म्हणून ही रीत सर्वत्र चालते. त्यात लबाडी आहेच असे नाही. पण घर घेणाऱ्याला ती ठाऊक पाहिजे, कारण न दिसणारे दिवे दुकानात मिळत नाहीत.

दुसरी जादू कॅमेऱ्याची. संगणकातल्या कॅमेऱ्याचे भिंग जास्त उघडे ठेवले की अंधारी खोली प्रसन्न होते. थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, तर रात्रीच्या साध्या दिवाणखान्यात शे-दोनशे लक्स. या दोन्हींचे चित्र कागदावर सारखेच तेजस्वी करता येते. म्हणून नुसते चित्र पाहून खोलीत उजेड किती ते कळत नाही. चांगली साधने लक्सचे आकडे काढून देतात. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर किती उजेड पडेल हा आकडा मागण्यास संकोच करू नये.

तिसरी गोष्ट रंगाची. दिव्याच्या रंगाला केल्विन हे माप आहे. जुन्या पिवळ्या बल्बसारखा उजेड २७०० केल्विनचा, पांढरी-निळसर ट्यूब ६५०० केल्विनची. चित्रात पिवळा उबदार दिवा लावला आणि प्रत्यक्षात निळसर ट्यूब बसविली, तर पसंत केलेला भिंतीचा रंग तोच राहत नाही. दुकानातून दिवे घेताना खोक्यावरचा हा आकडा चित्रातल्या आकड्याशी ताडून पाहावा.

आणखी एक नवी रीत आहे. १९९८ साली पॉल डेबेवेक यांनी दाखविले की खऱ्या आकाशाचा सर्व बाजूंनी फोटो घेऊन तोच दिवा म्हणून वापरता येतो. घराभोवती आकाशाची घुमटी उभी राहते आणि उजेड अगदी नैसर्गिक दिसतो. प्रश्न पुन्हा तोच: फोटो कोणत्या आकाशाचा? युरोपातल्या एखाद्या कुरणावरचा मवाळ सूर्य आपल्या अंगणात आणून ठेवला तर चित्र सुखद होईल, पण डिसेंबरातल्या दुपारची आपली आखूड काळी सावली त्यात कोठेच नसेल.

मुलांसाठी, आणि मोठ्यांसाठीही

आपली अनेक मुले आज शाळेत डिझाईन शिकतात आणि पुढे याच धंद्यात जातील. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की साधन उघडताच पहिली रेघ काढण्याआधी जागा लिहा. मग आपल्याच राहत्या घराची साधी खोकी काढा आणि २१ जून व २१ डिसेंबर या दोन दिवसांच्या सावल्या पाहा. चित्रातली सावली अंगणातल्या सावलीशी जुळली तर समजावे की आपण बरोबर शिकलो. अंगणासारखा कडक परीक्षक दुसरा नाही.

आणि ज्या कुटुंबांना घर बांधायचे आहे त्यांनी सही करण्यापूर्वी ड्राफ्ट्समनला पाच गोष्टी विचाराव्यात. जागा मॉरिशसची लिहिली आहे का, वजा चिन्हासह? उत्तरेचा बाण खऱ्या उत्तरेचा आहे की होकायंत्राचा? २१ जून आणि २१ डिसेंबर या दोन दिवसांची, सकाळी आठ, दुपारी बारा व संध्याकाळी पाचची चित्रे मिळतील का? शेजारची घरे व डोंगर त्यात आहेत का? आणि खोलीत दिसत नाहीत असे दिवे किती लावले आहेत? घराचा सांगाडा तयार असताना तारीख व वेळ बदलून सावल्या पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे. चांगला कारागीर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट घरधनी जाणता आहे हे पाहून तो अधिक मन लावून काम करतो.

भिंत उभी राहिल्यावर खिडकी सरकविण्यास हजारो रुपये लागतात. संगणकात ती बोटाने सरकते. तेव्हा जे विचारायचे ते चित्राच्या वेळीच विचारावे, आणि आपले घर आपल्या बेटाच्या उन्हात पाहून मगच पायाचा दगड ठेवावा.